खानदानी आंब्याची आई

रचना सोनकांबळे आमच्या डोंबिवलीच्या लॅबमध्ये पानांच्या डीएनएवरून आंब्याची कुठली जात कुठून आली ते शोधते. आडनाव ऐकून इथल्या घरमालकांनी खोली नाकारलेली, म्हणून अजून खडवलीहून ये-जा करते.

मागे राजापूरचे एक काका आजोबांच्या 'खानदानी' आंब्याची पानं घेऊन आले. बांधावर आपोआप उगवलेल्या रायवळाशी त्याचं काही नातं नाही, हे लेखी हवं म्हणून त्याचीही पानं आणलेली. रचनाने दोनदा तपासलं. दोन्ही वेळा तो रायवळच त्या आंब्याची आई निघाला.

रिपोर्ट वाचून काकांचा चेहरा उतरला.

"तपासलं कोणी?" त्यांनी मला विचारलं.

मी नाव सांगितलं, आडनावासकट.

काकांचा जीव भांड्यात पडला. रिपोर्ट माझ्याच टेबलावर परत ठेवत ते म्हणाले, "तरीच."