कच्चे कुळीथ

माझी नात शहाद्याला कॉलेजात शिकते. कुळथाच्या पाण्याने रक्ताचा गट ओळखण्याचा प्रयोग तिला सरांना दाखवायचा होता, म्हणून मी घरचे कुळीथ धाडले. दोनदा करूनही तिला काही जमले नाही. सरांना दाखवायच्या आदल्या दिवशी ती म्हसावदला घरी आली, अगदी रडकुंडीला.

"आजी, हाऊ कुळीथ भाजेल शे का?"

"मंग काय कच्चा खाशी?"

भाजल्यावर दाण्यातला रक्त ओळखायचा गुण मरतो, हे मला कोणी सांगितले होते?

तिने घरातले न भाजलेले, कच्चे दाणे वाटले, मिठाच्या पाण्यात कालवून गाळले. काचेवर एक थेंब माझ्या रक्ताचा, एक तिच्या रक्ताचा. दोन्हींत ते पाणी टाकले. माझे ओ गटाचे रक्त होते तसेच राहिले. तिचे ए गटाचे मात्र नासलेल्या दुधासारखे गुठळ्या गुठळ्या झाले.

जन्मभर मी कुळीथ शिजवून खाल्ले. त्या एवढ्याशा दाण्याला आजी कोण आणि नात कोण, हे वेगळे ओळखता येते!

दुसऱ्या दिवशी सरांसमोर प्रयोग जमला. फोनवर ती हसत होती. मी अजून त्या काचेचाच विचार करत होते.