शालिनीशी भांडणाऱ्या सासूबाई

सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण कादंबरीतल्या बाईशी त्या तूर निवडता निवडता भांडायच्या. मी वाचायची. नायिका शालिनी नवऱ्याच्या जाचानं उशीत तोंड खुपसून रडू लागली, की सुपातली तूर अंगणभर उडवत त्या ओरडायच्या, "काऊन रडून राह्यली व तू? हात नाईत का तुले?" कोंबड्यांची चंगळ व्हायची. मी थांबले, की माझ्यावर डाफरायच्या, "तू कशाले थांबली? रडू दे तिले. वाच."

हीच बाई माझ्या लग्नात म्हणाली होती, "वाचनानं बाईचं डोकं फिरते." तोवर त्यांनी एकही पुस्तक ऐकलं नव्हतं, त्यामुळे मत अगदी ठाम होतं.

हे वेड नाचणगावात आणलं पोस्टमास्तरांच्या बायकोनं. कादंबरी एक आणि मागणाऱ्या ढीगभर. बाईनं सरळ पुस्तकाची शिवण उसवली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आरसे-कंगवे सोडून पानांचा एकेक जुडगा वाण म्हणून वाटला. पुढचा जुडगा जिच्याकडे, तिच्या घरी जाऊन वाचायचा; सासूबाई तूर-सूप घेऊनच निघायच्या. देवळाशिवाय कुठे न जाणाऱ्या बायका शालिनीच्या संसाराची खबर काढत घरोघर हिंडू लागल्या. नवऱ्यांना वाटलं, भक्ती वाढली.

शेवटचा जुडगा मात्र पोस्टमास्तरांच्या बायकोनं बौद्ध मोहल्ल्यात सातवी पास चंद्रभागेला दिला. मागच्याच दसऱ्याला तिच्या घरानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. वाण ती घेईना, तेव्हा पुस्तक म्हणून दिला. झालं! शालिनी पेटी भरून स्टेशनावर उभी, आणि ती गाडीत बसते की नाही, हे चंद्रभागेच्या घरात.

महिनाभर बाईच्या स्वातंत्र्यावर उसासे टाकणाऱ्या आमच्या आयाबायांनी निरोप धाडला, पानं पाठवून दे. तिचा उलटा निरोप आला, "नाई पाठवत. तुम्ही त्यायच्यावर पानी शिंपडसान, कागद भिजन. ऐकाचं असन त घरी या." शालिनीनं घर सोडावं असं प्रत्येकीला वाटत होतं. आपण आपली गल्ली सोडावी असं एकीलाही नाही.

सासूबाईंचं जेवणावरून मन उडालं. एका भर दुपारी सूप बाजूला सारून म्हणाल्या, "चाल व. त्या पोरीचं काय झालं, मले ऐकाचं हाय." ओसरीवरून मामंजी गरजले, "तिकडे पाय टाकला त या घरात यायचं नाई!" सासूबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या.

चंद्रभागेनं बाज टाकली. "पह्यले च्या घ्या, मंग वाचू," ती म्हणाली. सासूबाईंनी कप पाहिला, जुडगा पाहिला, आणि चहा बशीत ओतून फुर्रकन प्याल्या.

"साखर कमी हाय," म्हणाल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं.

चंद्रभागेनं वाचलं. गाडी शिट्टी देते, शालिनीला आपलं कर्तव्य आठवतं, ती माघारी फिरते आणि नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते. समाप्त.

"बाप्यानं लिवलं असन," सासूबाई ताडकन उठल्या. "पेटी उचलता येत होती ना तिले? मंग?" चंद्रभागा आणि मी हसून हसून लोळलो. त्या मात्र वाटभर लेखकाचा उद्धार करत राहिल्या.

घराच्या दारात मामंजी पाण्याची बादली घेऊन उभे. भिंतीवरून शेजाऱ्यांच्या माना. "न्हाल्याबिगर आत यायचं नाई."

"मी सकाळीच न्हाली," सासूबाई म्हणाल्या. "हे पानी तुम्ही घ्या डोक्शावर. थंड होईन."

आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. मामंजी बादली धरून उभेच. मी त्यांना वळसा घालून सासूबाईंच्या मागोमाग गेले.