चपला घालून बसणारी

अहेरीच्या आठवडी बाजारात कुठेही आवाज चढला की ती आधी चपला घालायची. भांडण शेजारच्या मिरचीवाल्याचं असो की पार बाजाराच्या टोकाचं, हिचे पाय पोत्यावरून खाली यायचे आणि अंगठे चपलांत शिरायचे. मग पदर तोंडाला लावून ती स्वतःलाच हसायची. म्हणायची, "घातल्या भाऊ चपला. आता भांडा बिनधास्त."

तुम्ही बाजारात बसणारे असाल तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी तिच्याकडे आधी फक्त चारोळीवाली म्हणून पाहिलं. मोह, चारोळी, हिरडा विकत घेणं हा माझा धंदा. सायकलवर पोतं बांधून गावोगाव फिरत तो मी उभा केला, कोणाच्या मेहेरबानीवर नाही. भाव करताना माझा आवाज नदीपलीकडे जातो, असं लोक म्हणतात. जात असेल.

तिच्यासारखी चारोळी त्या पट्ट्यात कोणाची नव्हती. टपोरी, खडखडीत वाळलेली, त्यात एक काडी सापडायची नाही. आणि ती चारोळी तिने मला कधी विकली नाही. समोरच्या व्यापाऱ्याला द्यायची. तो माझ्यापेक्षा कमी भाव द्यायचा, पण बोलायचा असा, की जणू शेजारी कोणी आजारी माणूस झोपलाय. हे मला तेव्हाही सलायचं, आजही सलतं.

एकदा मी तडकून विचारलंच, "काऊन वो बाई, माझा पैसा खोटा हाय का?"

तिने आधी चपला घातल्या. "पैसा बरोबर हाय भाऊ. पण तुमच्यासंगं सौदा केला का मले घरी जाऊन जेवन जात नाई."

मग चारोळी पाखडता पाखडता तिने सांगितलं. बाप अंगणातून ओरडला की आईचा घास हातातच थांबायचा. घास थांबला की पोरांनी ओळखायचं आणि मागच्या दाराने रानात पळायचं. मार आई खायची. एकदा पळताना हिला चपला सापडल्या नाहीत आणि बोरीचा काटा टाचेत घुसला.

"बाप मरून जमाना झाला," ती हसत म्हणाली, "पन पायाले अजून कोनी सांगतलं नाई."

त्या दिवशी मी भाव न करताच माझ्या काट्याकडे परतलो. माझ्यासारख्याला भाव न करता परत पाठवणं सोपं नाही, हे बाजारात कोणालाही विचारा.

पुढे एकदा ती आपणहून माझ्या दुकानात आली. मला वाटलं, चारोळी आली.

"भाऊ, पोरीले पाहाले पाहुने येनार. आमच्याकडून बोलनी तुमी करा. अन् वरडा."

"किती वरडू?"

"चारोळीसाठी वरडता तेवढं."

मी चक्रावलो. ती म्हणाली, "पाहुन्यायपुढं माझा बापबी गोडच बोले. त्याच्यासारख्या घरात मले पोरगी द्याची नाई. वरडल्याबिगर घर समजत नाई."

मुलगी तिची एकुलती एक. मी गेलो. चहा झाला, चिवडा आला आणि मी विषय काढला, लग्नाच्या जेवणाचा बकरा कोणी द्यायचा. ते म्हणाले, मुलीकडच्यांनी. मग मी जो सुटलो! कोंबड्या कुडावर जाऊन बसल्या. मुलगा बराच वेळ खाली मान घालून होता. शेवटी तो लाल होऊन उठला आणि माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला, "तुमी कोन बोलनारे?"

झालं, सोयरीक मोडली, असं मला वाटलं. घाबरून मी तिच्याकडे पाहिलं. ती मुलाकडे बघतच नव्हती. तिची नजर मुलाच्या आईवर होती. ती माउली शांतपणे चिवडा खात होती. भरल्या तोंडाने मुलाला म्हणाली, "बस खाली. बकऱ्यावानी काऊन वरडून राह्यला?"

मुलाचा बाप खो खो हसला. मुलगा ओशाळून बसला आणि त्यालाही हसू आलं. माझ्या शेजारी काहीतरी सरकलं. तिने चपला काढून भिंतीशी ठेवल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "पोरगा तापट हाय, बाई."

"तापट तं तुमीबी हा. मी त्याचा राग नाई पाह्यला भाऊ, त्याच्या मायचा घास पाह्यला. थांबला नाई."

लग्नात मी दोन माणसांचं जेवलो. आणि पुढच्या उन्हाळ्यात चारोळी पुन्हा समोरच्याच्या काट्यावर! मी भडकलो, "सोयरीक माझ्या आवाजानं अन् चारोळी त्याले?"

चपलांत पाय सरकवत ती म्हणाली, "लग्न एकडाव हाय भाऊ. चारोळी दरसाली."

गेल्या थंडीत ती गेली. यंदा तिच्या जागेवर तिची मुलगी पोतं अंथरून बसली, शेजारी तिची लहान पोर. मोहाच्या भावावरून मी एका गाडीवाल्यावर तुटून पडलो होतो. बोलता बोलता सवयीने माझी नजर त्या पोत्याच्या कडेला गेली.

त्या लहान पोरीची एक चप्पल हातगाडीखाली होती, दुसरी मिरच्यांजवळ उलटी पडलेली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मुरमुऱ्यांचा बकाणा भरला आणि पाय हलवत चावत राहिली.