रांगेतला डबा

आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना मी चेहऱ्याने नाही, डब्याने ओळखते. डहाणूत पूर्वेला, बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझी पिठाची गिरणी आहे. निळ्या झाकणाचा डबा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन, तुपाचा जुना पत्र्याचा डबा म्हणजे सेक्रेटरी. गिरणीचा एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळत आले आहे. गिरणी चालू असेल तर डबा किंवा पिशवी रांगेत लावायची आणि खुशाल निघून जायचं. डबा आला म्हणजे माणूस आला. पण गिरणी बंद असेल, लाइट गेली असेल, तर डब्याला मान नाही. ज्याचं दळण त्याने जातीने बसायचं. एकदा लाइट नसताना बेवारशी डब्यांवरून मोठं भांडण झालं होतं, तेव्हापासूनचं हे कलम.

सकाळी सोसायटीचा गहू असतो. दुपारी एकला सायवनकडची एसटी येते आणि तिकडच्या बायका नागली म्हणजे नाचणी, तांदूळ घेऊन उतरतात. त्यांच्या गावात गिरणी आहे, पण तिथे व्होल्टेज असेल तेव्हाच ती फिरते. म्हणून बाजाराला येताना त्या दळण घेऊनच निघतात. पिशव्या माझ्याकडे लावायच्या, भाजी विकायची, दोन कामं उरकायची आणि पीठ घेऊन चारची गाडी पकडायची. मी स्वतः वेवजी गावची. त्यांची बोली मला समजते, त्यामुळे दुपारची ती तीन तासांची गडबड मला माहेरचं कुणी आल्यासारखी वाटते.

पहिल्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर, एक रिटायर्ड काका राहायला आले आणि या सुखाला नजर लागली. आयुष्य मुंबईत सरकारी कचेरीत काढून ते इथे शांततेसाठी आले होते. पीठ पाकिटातलं आणायचे, त्यामुळे आमची ओळख होण्याचं काही कारणच नव्हतं. एका शुक्रवारी त्यांचा अर्ज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला: गिरणी दुपारी एक ते चार बंद ठेवण्यात यावी, रविवारच्या मीटिंगमध्ये निर्णय व्हावा.

माझं डोकंच फिरलं. एक ते चार म्हणजे सायवनची गाडी येते ते जाते तेवढाच वेळ! मोजूनमापून काढल्यासारखा. रात्रभर मनातल्या मनात भांडले आणि शनिवारी ठरवलं, घ्या म्हणावं शांतता. बरोबर एक वाजता स्विच पाडला आणि स्टुलावर हाताची घडी घालून बसले.

गाडी आली. पंधरा-सोळा बायका पिशव्या घेऊन आल्या. गिरणी बंद दिसली. नियम त्यांना पाठ, त्यामुळे एकही बाई पिशवी ठेवून गेली नाही. सगळ्या गिरणीपुढच्या सावलीत, म्हणजे थेट काकांच्या गॅलरीखाली, ऐसपैस बसल्या. मग काय विचारता! कुणाच्या भाचीचं लग्न, कुणाच्या कोंबड्या, मोठमोठ्याने हसणं. एकीने मोबाइलवर लग्नातल्या नाचाचा तारपा लावला, ते लांब भोपळ्याचं वाद्य, तोही फुल आवाजात. मी त्यांना ‘जरा हळू’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. उलट मला फार बरं वाटत होतं.

काका दोनदा गॅलरीत आले. एकदा ओठांवर बोट ठेवून, तर खालून बायकांनी ओळख नसतानाही हात हलवला. शेवटी बनियन आणि हाफ पँटवर खाली उतरले.

“ताई, हे काय चाललंय?”

“शांतता आहे ही, काका. तुम्हीच मागितलेली,” मी म्हणाले. वाक्य कालपासून तयार होतं.

तेवढ्यात त्या बायकांतली सगळ्यात म्हातारी माझ्याजवळ आली. तिचे गुडघे धरलेले, तरी दर शनिवारी येते. म्हणाली, “बाय, तू यांच्यावर कावलीस, तर आमच्यावर कशाला काढतेस? आमी काय केला? घरात पीठ नाय. चारची गाडी चुकली तर सोमवारीच गाडी.”

माझा चेहरा उतरला. खरंच, भांडण माझं आणि काकांचं. उपास मात्र तिच्या घरी पडला असता. इतकी लाज मला कधी वाटली नाही. आणि एवढ्या जणींचं दळण व्हायला दोन तास तरी हवेत, घड्याळात दोन वाजायला आले होते.

काका ऐकत होते. “चारला गाडी? मग आत्ता नाही दळलं तर…?”

“तर नाही,” मी म्हणाले.

“अहो मग चालू करा की! बसलात काय?”

“आणि तुमचा अर्ज?”

“अर्ज उद्या आहे. आज कुठे मंजूर झालाय?”

मी स्विच दाबला. गिरणी घरघरली आणि एका मिनिटात ती सावली रिकामी झाली. पिशव्या भिंतीला ओळीने लागल्या, बायका बाजाराकडे पांगल्या. मागे उरल्या पंधरा पिशव्या, ती म्हातारी आणि गोंधळलेले काका.

“माणसं कुठे गेली?”

मी ओरडून ओरडून नियम सांगितला.

“आणि कुणी मध्ये घुसत नाही?”

“पिशवीला कोण ढकलणार?”

“तीस वर्षं कचेरीच्या खिडकीमागे बसलो,” ते म्हणाले, “अशी रांग नाही पाहिली.” मग वर जायचं सोडून ते तिथेच म्हातारीशेजारी बसले. गिरणीच्या आवाजात दोघं काय बोलत होती देव जाणे, पण हातवारे बरेच चालले होते. चारची गाडी सगळ्यांना मिळाली.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग. दुपार गेली तर त्या बायका गेल्या, एवढंच मला दिसत होतं. विषय आला तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, “अर्जदार कुठे आहेत?”

काका नव्हते. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या खुर्चीवर एक कोरा स्टीलचा डबा होता, त्यावर पेनाने फ्लॅट नंबर लिहिलेला.

गुजराती बेन हसायला लागल्या. “डबा आला ने? मग माणूस आला!”

सेक्रेटरींनी झाकण उघडलं. आत नागली होती, काल म्हातारीने दळायच्या आधी आपल्या पिशवीतून काकांना दिलेली. तेवढ्यात काका जिन्यावरून उतरले. “माझा नंबर कितवा?”

आता काही बोलले नसते तर ती मी कसली! मी म्हणाले, “काका, रविवारी गिरणी बंद असते. बंद असली की डबा चालत नाही. जातीने बसावं लागतं.”

काका निमूटपणे डबा मांडीवर घेऊन बसले. “बसलो. लिहून घ्या, अर्ज मागे. सकाळी तुमच्या गव्हाची गर्दी. दुपारी बंद ठेवली तर माझी नागली कधी दळणार?”

सोमवारी एकच्या गाडीच्या पिशव्यांमागे त्यांचाही डबा लागला. साडेतीनला त्यांचा नंबर आला. पीठ घेऊन मी स्वतःच वर गेले. खाली तांदूळ लावला होता, त्यामुळे गिरणी नुसती दणाणत होती. मी बेल वाजवली, एकदा, दोनदा, चारदा. शेवटी दार उघडलं. काकांच्या गालावर उशीचे वळ होते.

“सॉरी हं ताई,” ते म्हणाले. “गाढ डोळा लागला होता.”