धगकाढ्या नबीलाल

पाबळचा नबीलाल आधी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा. पुढं पत्र्याच्या घरांच्या माळ्यावर सोलरचे पंखे बसवू लागला. आता पंखा म्हटलं की माणूस सदऱ्याची बटणं सोडून वाऱ्याची वाट बघत बसतो. नबीलालचा पंखा बसतो वर, भिंतीच्या त्रिकोणात. ऊन पडलं की फिरतो आणि पत्र्याखाली साठलेली गरम हवा बाहेर ढकलतो. अंगाला वारा नाही, म्हणून गिऱ्हाईक चिडतं. शेवटी त्यानं 'पंखा' हा शब्दच टाकला आणि 'धगकाढ्या' म्हणायला लागला. लोकांनी ते नाव यंत्राला न लावता त्यालाच चिकटवलं.

राहू गावच्या तुळजाबाईंनी त्याच्याकडून पंखा बसवून घेतला तो हट्टानं. मागच्या उन्हाळ्यात त्यांना घरातच भोवळ आली होती. पुण्यात फ्लॅटात राहणारा मुलगा बाळासो तेव्हापासून एकच धरून बसलेला, "आई, औंदा घर गार झालं तर ऱ्हा. न्हाईतर कुलूप लावू आन् तू माझ्याकडं." तुळजाबाईंना फ्लॅटची भीती नव्हती. तिथं दार उघडलं की समोर दुसरं बंद दार दिसतं, त्याची होती.

भर चैत्रात त्यांचा निरोप आला. नबीलाल हजर.

"नब्या, उलटा बसवलास रं! वारा समदा रस्त्याला!"

"मावशी, त्यो वारा द्यायला न्हाई, धग न्यायला हाय."

"मग नेत का न्हाई? नुसता घुंघुं करून हजेरी लावतोय."

नबीलालनं खिशातली उदबत्ती पेटवली. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, हा आधी पूजा करतो. तो फक्त धूर कुठं जातो ते बघतो. धूर खोलीतच घुटमळला. झळा नकोत म्हणून तुळजाबाईंनी सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या.

"हवा बाहेर जायची तर तिला आत यायला वाट नको का? ती मागची खिडकी उघडा. लिंबाची सावली हाय तिकडं."

तुळजाबाईंनी तिकडं पाहिलंच नाही. ती खिडकी जाऊबाईंच्या, पार्वतीबाईंच्या अंगणात उघडायची. वाटणीत लिंब तिकडं गेला, तेव्हा इकडून कडी लागली आणि पुढं लोखंडी कपाट आलं.

"दुसरी सांग."

"बाकीच्या उन्हात हायेत."

"मग पंखा बदल."

"बदलतो की. पण त्योबी हीच खिडकी मागंल."

एवढं बोलून तो पाणी प्यायला बसला. मोटार भरताना तार जोरानं ओढली की तुटते, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं.

त्याचा तांब्या रिकामा झाला तसं तुळजाबाईंनी विचारलं, "फ्लॅटाची खिडकी कुठं उघडती रं?"

"दुसऱ्याच्या खिडकीकडं."

त्या उठल्या. दोघांनी कपाट सरकवलं. गंजलेल्या कडीला नबीलालनं पिशवीतलं तेल पाजलं. खिडकी कुरकुरत उघडली, तसा उदबत्तीचा धूर वाकला आणि माळ्याच्या तोंडाकडं सरळ चढू लागला.

लिंबाखालून पार्वतीबाईंचा आवाज आला, "खिडकी उघडली? कोण गेलं गं?"

"अजून कोण न्हाई. धगकाढ्या आलाय."

तिकडून पावलं खिडकीशी आली. मग, "उघडीच ठिव. कोयरीचं लोणचं देते, हात घाल."

जाताना नबीलालनं विचारलं, "मावशी, कपाट कुठं लावू?"

लोणच्याची वाटी हातात धरून तुळजाबाई म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ दे दारात. बाळासोला काय तरी न्यायचंच हाय ना फ्लॅटात? ह्ये ने म्हणावं."