फॅमिली म्हंजी कोण?

शिक्रापूरच्या अलीकडं, नगर रस्त्याला लागून एक हॉटेल होतं. एका अंगाला परमिट रूम, दुसऱ्या अंगाला बाग आणि मध्ये पुरुषभर उंचीचं मेंदीचं कुंपण. मेंदीपलीकडं काय चालतं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. बागेत लाल लोखंडी झोपाळा होता. तो एसटीच्या खिडकीतून दिसला आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही गोड लागेना.

मी आणि धाकट्या भावानं मिळून वडिलांना इतकं पिडलं, की एका रविवारी ते आम्हाला घेऊन गेले. बागेच्या फाटकावर पाटी होती, 'फक्त फॅमिलीसाठी'. मॅनेजरनं आमच्या मागं पाहिलं.

"भाऊ, फॅमिली कुठाय?"

"ही काय," वडिलांनी आम्हा दोघांकडं बोट केलं.

"ही पोरं झाली. फॅमिली म्हंजी मिसेस. न्हाईतर कुणीबी भाचा-पुतण्या संगं आणून हिकडंच प्यायला बसंल."

वडील आमचे हात धरून मागं फिरले. 'आमची फॅमिली माहेरी गेलीय' असं ते स्वतःच कंपनीतल्या दोस्तांना सांगायचे. मी झोपाळ्याकडं वळून वळून बघत परतले.

घरी हे ऐकून आईला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "मी न्हाई यायची. दारूच्या हॉटेलात बायामाणसाचं काय काम? कुणी वळखीचं भेटलं म्हंजी?"

मी जेवण सोडलं. संध्याकाळी भूक लागली म्हणून पुन्हा धरलं. शेवटी वडिलांनी कशीबशी तिची समजूत काढली.

पुढच्या रविवारी आई आली आणि डोक्यावर पदर घेऊन, मेंदीकडं पाठ करून बसली. मी झोपाळ्यावर चढले ती उतरायचं नाव घेईना. वेटर एकेक रोटी भट्टीतून थेट आईच्या ताटात आणून टाकत होता. घरी ती आमची सगळ्यांची जेवणं उरकल्यावर गार झालेलं खायची. जरा वेळानं पदर खांद्यावर आला. "अवं," ती वडिलांना म्हणाली, "गरम लई ग्वाड लागतं की." ते ऐकून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

मग वडिलांची शिफ्ट बदलली. 'पुढच्या रविवारी' म्हणता म्हणता कितीतरी रविवार गेले. मी झोपाळ्याची आशा सोडली. अशाच एका रविवारी वडील रात्रपाळी करून घोरत पडले होते. आईनं ठेवणीतली साडी नेसली आणि आम्हाला म्हणाली, "चला."

फाटकावर तोच मॅनेजर. त्यानं पुन्हा आमच्या मागं पाहिलं.

"वहिनी, मालक न्हाई आले?"

आता परत जावं लागणार म्हणून मला रडू यायला लागलं.

आईनं पाटीकडं बोट केलं. "हितं मालक कुठं लिवलंय? फॅमिली पायजे ना? मी हाय की."

मॅनेजरनं स्वतःचीच पाटी पुन्हा एकदा वाचली आणि फाटक उघडलं. मी झोपाळ्याकडं धावत सुटले. पण पोचते न पोचते तोच आई मागून आली, साडी सावरून झोपाळ्यावर बसली आणि मला म्हणाली, "थांब जरा. आधी फॅमिली."