राजा तीच आहे

माझ्या भावाने माझा सरडा बदलला, असा मला कित्येक वर्षं संशय होता.

आज पहाटे तो गेला. भाऊ. सरडा आहे, खिडकीत ऊन खात बसलाय.

गोविंद माझा धाकटा भाऊ. पापनाशमला राहायचा. दर शनिवारी बसने तंजावरला माझ्याकडे यायचा, पिशवीत वांगी घेऊन. दारातूनच म्हणायचा, "अक्का, बस उशिरा आला. कॉफी गार झाला नाही ना?"

आमच्या घराण्याचं मराठी असंच. कितीतरी पिढ्या तमिळ देशात गेल्या. तमिळमध्ये जनावर असो की वस्तू, तो नाही, ती नाही, सगळं 'अदु', म्हणजे 'ते'. मी साठीनंतर एकटीने बसून देवनागरी शिकले, म्हणून माझं थोडं सुधारलं. गोविंदाचं तसंच राहिलं. त्याची बस आला, पंखा बंद झाली.

सरडा म्हणजे इग्वाना. हिरवा, परदेशी. लेकीने चेन्नईच्या दुकानातून आणला, कागदपत्रं रीतसर केली, आणि बंगळुरूला नोकरी लागल्यावर पिंजऱ्यासकट माझ्या गळ्यात घातला. दुकानदार म्हणाला होता, male आहे. म्हणून नाव राजा.

एका उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले. राजाला गोविंदाकडे ठेवलं.

परत आले तर तो राजाला झाकलेल्या टोपलीतून घेऊन आला. टोपली खाली ठेवत म्हणाला, "अक्का, ती जेवत नाही."

ती?

डोक्यात नोंद झाली.

पोट फुगलेलं. रंग जरा मळका. दिवसभर पिंजऱ्याचा कोपरा उकरणं चाललेलं. आणि एका सकाळी त्या कोपऱ्यात अंडी. पांढरी, मऊ, ढीगभर.

सरडा रंग बदलतो हे मला ठाऊक होतं. पण राजा अंडी घालतो?

पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यात पापनाशमची शेजारीण फोनवर सहज बोलून गेली, "तुम्ही लेकीकडे होता तेव्हा तुमचा भाऊ जास्वंदीत शिरून काहीतरी शोधत होता."

शनिवारी आल्या आल्या त्याला धरलं.

"राजा पळाला होता?"

"पळाली होती. सापडली."

"सापडली, का दुसरी आणलीस?"

"पापनाशमच्या बाजारात इग्वाना मिळतो का, अक्का? तिथे धड पडवळ मिळत नाही."

"कुंभकोणमला मिळत असेल."

"ती तीच आहे," तो म्हणाला आणि कॉफी ओतून घेतली. वर खिडकीकडे बघून म्हणतो, "राजा लुगडं नेसला, त्यात माझं काय चुकलं?"

मी हसले नाही. कारण होतं.

फार पूर्वी आईचं पितळी कॉफी फिल्टर एकदा त्याच्या घरी गेलं आणि परत आलं ते हलकं होऊन. दिसायला तेच. पण माझा हात फसत नाही. मी तेव्हा तोंडाने काही विचारलं नाही. नुसती दर शनिवारी त्याच्यासमोर ते हातात तोलून बघायची. तो पंख्याकडे बघायचा.

ज्याने फिल्टर बदललं, तो सरडा का नाही बदलणार?

शेवटी तिरुच्चीच्या व्हेटकडे नेलं. तिने राजाला उलटं धरून मांडीखालची ठिपक्यांची रांग दाखवली. नराचे ठिपके मोठे, मेणाने भरल्यासारखे. हिचे बारीक, टाचणी टोचल्यासारखे. "मादीच आहे. पिल्लू असताना बघून कुणालाच कळत नाही, दुकानदाराने अंदाजाने सांगितलं असेल. आणि नर नसला तरी ही अंडी घालते. कोंबडी नाही का घालत?"

म्हणजे राजा पहिल्यापासून मादी असू शकतो.

पण 'असू शकतो' म्हणजे 'आहे' नव्हे. मांडीखालचे ठिपके नर की मादी सांगतात. माझी की दुसऱ्याची, ते सांगत नाहीत.

त्यामुळे संशय राहिला. गोविंदही येत राहिला. दर शनिवारी मी राजाकडे बघायची, मग त्याच्याकडे. तो म्हणायचा, "तपास चालू दे, अक्का. कॉफी दे."

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्याच्या उशाशी बसले होते. आवाज अगदी बारीक झालेला.

"अक्का, आईची फिल्टर मीच बदलली. पहिली माझ्या हातून पडून चेपली."

मी म्हटलं, "ठाऊक आहे. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारली कुठे? नुसती तोलून बघायची."

खरं होतं. फिल्टरबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. राजाबद्दल विचारलं होतं, आणि त्याने उत्तर दिलं होतं.

तरी मी संशयी बाई. पुन्हा विचारलं. "आणि राजा?"

त्याने डोळे मिटले. वैतागून की थकून, कळलं नाही.

"राजा तीच आहे."

जन्मभर ज्याची बस आला आणि पंखा बंद झाली, त्याचं हे एक वाक्य मी घरी येईपर्यंत मनात तपासत होते. राजा. तीच. आहे.

एकही चूक सापडली नाही.

आमच्यात निघणाऱ्याला नुसतं 'जा' म्हणत नाहीत.

जाऊन ये, गोविंदा. शनिवारी कॉफी टाकीन.